धंदा चालून राहिला, पण पैसा दिसून नाही राहिला

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत पत्र्याचं काम करणारे एक भाऊ दर महिन्याला माझ्याकडे बिलांची पिशवी घेऊन येतात. पिशवीच. फाइल मी त्यांना तीनदा दिली, तिन्ही वेळा तिच्यात पोरीच्या शाळेचे कागद गेले. विजेच्या पॅनलला लागणारे पत्र्याचे डबे ते बनवतात, एका मोठ्या कंपनीला पुरवतात. आठ माणसं, एक बेंडिंग मशीन, दोन वेल्डिंग सेट, भाड्याचा शेड. मागच्या मार्चनंतर मी त्यांचा वर्षाचा हिशेब काढला आणि सांगितलं, भाऊ, सात लाख वीस हजार नफा झाला. ते माझ्याकडे असे पाहत बसले की जणू मी दुसऱ्याच कोणाचा कागद वाचून दाखवतोय.

"धंदा तर चालून राहिला," ते म्हणाले, "पण पैसा दिसून नाही राहिला. हे सात लाख गेले कुठं?"

छोटे उद्योग का वाढत नाहीत, या विषयावर आपल्याकडे परिषदा होतात, समित्या बसतात, आणि विदर्भाच्या बाबतीत तर अनुशेष हा शब्द आल्याशिवाय चर्चा सुरूच होत नाही. भांडवल मिळत नाही, वीज महाग, कारागीर पुण्याला पळतात, मोठे कारखाने कमी. यातलं काहीही खोटं नाही. पण वीसेक वर्षं लोकांच्या वह्या लिहिल्यावर माझं मत असं झालं आहे की यातली बहुतेक कारणं एकाच दारातून आत येतात. पैसा बाहेर जाण्याची तारीख आणि पैसा आत येण्याची तारीख, या दोहोंमधलं अंतर. भाऊंचा प्रश्न त्याच अंतराचा आहे, म्हणून त्यांचाच हिशेब मांडतो. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत.

महिन्याला माल जातो सहा लाखांचा. त्यासाठी पत्रा लागतो साडेतीन लाखांचा. मजुरी ९० हजार, वीज ३० हजार, शेडचं भाडं २५ हजार, पावडर कोटिंग आणि टेम्पो मिळून ४५ हजार. एकूण खर्च ५ लाख ४० हजार, उरले ६० हजार. शेकडा दहा. या धंद्यात हा नफा काही वाईट नाही.

आता तारखा बघा. पत्र्याचा व्यापारी रोख मागतो, फार तर आठवडा थांबतो. पत्रा येऊन, कापून, वाकवून, रंग होऊन माल टेम्पोत चढेपर्यंत महिना जातो. बिल लागलं की समोरची कंपनी ९० दिवसांनी पैसे देते. म्हणजे पत्र्यासाठी खिशातून गेलेली नोट परत यायला चार महिने. तोवर धंदा थांबवता येत नाही. दुसऱ्या महिन्याचा पत्रा आणावा लागतो, तिसऱ्याचा, चौथ्याचा. ढोबळ मानाने ५ लाख ४० हजार गुणिले चार, २१ लाख ६० हजार रुपये कायम हवेत लटकलेले असले तरच हा ६० हजारांचा नफा चालू राहतो. याला खेळतं भांडवल म्हणतात. नाव छान आहे, पण ते खेळतं तेव्हा मालकाची झोप जाते.

त्यावर जीएसटी. सहा लाखांच्या बिलावर १८ टक्क्यांनी १ लाख ८ हजार कर. पत्रा घेताना भरलेले ६३ हजार वजा केले तरी ४५ हजार पुढच्याच महिन्यात सरकारला भरायचे, आणि तेही कंपनीकडून एक रुपया आलेला नसताना. कर बिलावर लागतो, वसुलीवर नाही. हे ऐकल्यावर नवीन माणूस हमखास विचारतो, "आलेच नाहीत तर भरू कुठून?" कायद्याला तो प्रश्न पडत नाही.

तर भाऊंचे सात लाख वीस हजार कुठं गेले? कुठंही नाही. ते त्या कंपनीच्या गोदामात डब्यांच्या रूपात उभे आहेत. नफा झाला होता, तो तिकडेच राहून गेला.

ही गोष्ट इथवरच असती तर फार बिघडलं नसतं. खरी गंमत ऑर्डर वाढली की सुरू होते. समजा कंपनीने सांगितलं, पुढच्या महिन्यापासून दुप्पट माल द्या. घरी पेढे वाटले जातात. पण हवेत लटकणारी रक्कम २१ लाख ६० हजारांवरून ४३ लाख २० हजारांवर जाते. नवे २१ लाख ६० हजार आणायचे कुठून? ऑर्डर नसल्याने बंद पडलेले कारखाने मी पाहिले आहेत, पण ऑर्डर पेलवली नाही म्हणून बसलेले त्याहून जास्त पाहिले आहेत. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. शेडला कुलूप, आत मशीनवर धूळ.

उशिराची किंमतही मोजता येते. हीच कंपनी ९० ऐवजी ४५ दिवसांनी पैसे देऊ लागली, तर चार महिन्यांचे अडीच महिने होतात आणि अडकलेली रक्कम साडेतेरा लाखांवर येते. फरक ८ लाख १० हजारांचा. हा फरक भरायला बाजारातून शेकडा दोनने पैसे उचलले तर महिन्याचं व्याज १६ हजार २०० रुपये. साठ हजारांच्या नफ्यातला चौथा हिस्सा आणि वर थोडा, फक्त समोरच्याच्या सवयीपायी.

मग कायदा काय करतो?

कायदा आहे, आणि कागदावर कडक आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करारात ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असूच शकत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. बँक रेट सहा टक्के असेल तर अठरा टक्के. तक्रारीसाठी सुविधा परिषद आहे, २०१७ मध्ये समाधान नावाचं पोर्टल आल्यापासून अर्ज ऑनलाइन करता येतो. परिषदेचा निकाल विरोधात गेला आणि कोर्टात आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. हे सगळं मिळण्यासाठी उद्यम नोंदणी लागते. ती आधारवरून होते आणि फुकट असते. नागपुरात इतवारीत, सदरमध्ये तिचे हजार-दोन हजार घेणारे बसलेले आहेत, म्हणून फुकट हा शब्द मुद्दाम लिहिला.

एवढं असून भाऊंनी तक्रार का केली नाही? मी विचारलं होतं. ते हसले. "आपली एकच गिऱ्हाईक कंपनी. तिच्यावर केस टाकू, व्याज मिळवू, आन् मग डबे कोणाले विकू?" पाण्यात राहून माशाशी वैर करता येत नाही, हे त्यांना कुठल्या वकिलाने सांगावं लागलं नाही. म्हणून या कायद्याचा वापर संबंध तुटल्यावर होतो. धंदा चालू असतानाच्या रोजच्या ९० दिवसांवर त्याचा हात पोचत नाही.

सरकारच्याही हे लक्षात आलं असावं, कारण २०२३ च्या अर्थसंकल्पात त्यांनी वेगळी खिट्टी मारली. तक्रार करायचीच गरज नाही. खरेदीदाराने मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ती खरेदी त्याला आयकरात त्या वर्षी खर्च म्हणून धरता येणार नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी धरता येईल. १ एप्रिल २०२४ पासून हा नियम आला आणि खरेदी विभागांत धावपळ झाली. कल्पना हुशारीची आहे. पण तिला एक भोक आहे. ते तरतूद वाचून लक्षात येत नाही, भाऊंच्या पासबुकात मात्र स्वच्छ दिसतं. जूनचं बिल ४५ दिवसांत न देता सप्टेंबरमध्ये दिलं, तरी वर्ष तेच राहतं, वजावट मिळून जाते. चावा बसतो तो ३१ मार्चला मुदत उलटून थकलेल्या बिलांनाच. म्हणून मार्चमध्ये भाऊंचे पैसे फोन न करता येतात, आणि एप्रिलपासून पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

आणखी एक. हा फायदा माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे, व्यापाऱ्यांना नाही. २०२१ मध्ये घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली खरी, पण ती बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. किराणा ओळीतल्या ठोक दुकानदाराचे पैसे थकले तर हा कायदा त्याच्या बाजूने उभा राहत नाही. प्रमाणपत्र मात्र दोघांचं सारखंच दिसतं, त्यामुळे गैरसमज भरपूर.

मला स्वतःला जास्त आशा ट्रेड्सकडून वाटते. नाव रुक्ष, काम सोपं. तुमचं बिल एका ऑनलाइन बाजारात चढवायचं, खरेदीदार कंपनीने "हो, हे पैसे मी देणं लागते" असं तिथे मान्य करायचं. मग बँका त्या बिलावर बोली लावतात. सगळ्यात कमी व्याज मागणारी बँक थोडे पैसे कापून उरलेले तुम्हाला लगेच देते आणि ठरल्या तारखेला कंपनीकडून वसूल करते. पत बघितली जाते ती कंपनीची, तुमची नाही. मोठ्या कंपनीच्या पतीवर लहान माणसाला स्वस्त पैसा, यात खरी खुबी आहे. अडीचशे कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत तिथे नोंदणी सक्तीची केली. पण नोंदणी करणं वेगळं आणि बिल मान्य करणं वेगळं. लग्नाच्या हॉलमध्ये नाव नोंदवलं म्हणजे लग्न लागलं असं होत नाही.

बँकेचं गणित

"बँका कर्ज देत नाहीत" हे वाक्य मी रोज ऐकतो, आणि मला ते अर्धंच पटतं. बँका लहान धंद्याला कर्ज देतात. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असं रिझर्व्ह बँकेचं बंधन आहे, त्यावर हमी देणारी योजना २००० सालापासून आहे, मुद्रा कर्ज योजना २०१५ पासून आहे. अडचण रकमेच्या मापात आहे.

बँक खेळत्या भांडवलाचं माप कसं काढते ते बघा. १९९२ च्या नायक समितीपासून लहान उद्योगांसाठी सोपा नियम चालत आला आहे. वर्षाच्या अंदाजे उलाढालीच्या २५ टक्के भांडवल लागतं असं धरायचं, त्यातले पाच टक्के मालकाने घालायचे, २० टक्के बँकेने. भाऊंची उलाढाल ७२ लाख, म्हणजे सीसी लिमिट (लागेल तसं उचलायच्या कर्जाची मर्यादा) १४ लाख ४० हजार. आता २५ टक्के म्हणजे वर्षाचा चौथा भाग, तीन महिने. बँकेने गृहीत धरलं आहे की पैसा तीन महिन्यांत फिरून येतो. भाऊंचा चार महिन्यांत येतो. लागतात २१ लाख ६० हजार, मिळतात १४ लाख ४० हजार. उरलेले सात लाख वीस हजार कुठून? योगायोग बघा, तोच आकडा. वर्षभराचा नफा नेमका त्या खड्ड्यात गेला.

त्यात दुसरी मेख. ९० दिवसांपेक्षा जुनी येणी बहुतेक बँका उचल ठरवताना धरतच नाहीत. कंपनीने शंभराव्या दिवशी पैसे दिले, तर त्या दहा दिवसांत भाऊंची उचल कमी होते. म्हणजे पैशाची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच बँक हात आखडता घेते. बँकेच्या बाजूने विचार केला तर तिचंही बरोबर आहे, जुनी उधारी बुडीत निघण्याची शक्यता जास्त. पण दोन शहाण्यांच्या मध्ये भाऊ चेपले जातात, आणि संध्याकाळी शेकडा दोनवाल्याकडे जातात.

काटोलचा पाऊस, गांधीबागचा गल्ला

हिंगण्यात निदान बिल तरी असतं. इतवारी-गांधीबागेत अर्धा धंदा तोंडावर आणि वहीवर चालतो. इथली उधारी खाली, तालुक्यांकडे वाहते. गांधीबागेतला कापडाचा ठोक व्यापारी उमरेडच्या, काटोलच्या, सावनेरच्या दुकानदाराला माल देतो. तो दुकानदार शेतकऱ्याला देतो. शेतकरी म्हणतो, कापूस निघाला की देतो, नाहीतर आंबिया बहाराची संत्री गेली की देतो. आंबियाची फळं साधारण दिवाळीच्या पुढेमागे निघतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चकडे. पावसाळ्यात फळगळ झाली की काटोलचा बागायतदार गप्प होतो, मग तिथला दुकानदार फोन उचलत नाही, आणि डिसेंबरात गांधीबागेत एखादा माणूस माझ्यासमोर बसून म्हणतो, यंदा गिऱ्हाइकी नाही. गिऱ्हाइकी होती. वसुली नाही.

मागासलेला प्रदेश म्हणजे काय, याची माझ्यापुरती व्याख्या इथे आहे. जिथे दुकानदाराचा गल्ला पावसावर चालतो तो प्रदेश. पुण्याच्या आसपास पगारदार गिऱ्हाईक आहे, त्याचा पगार एक तारखेला होतो. आपल्याकडे शहराबाहेर पडलं की एक तारीख नसते, हंगाम असतो.

तरी ओळींमध्ये एक मोठा फायदाही आहे, तो मोडीत काढू नये. किराणा ओळ, लोहाओळ, सराफा, एकाच मालाची दुकानं एकमेकांना खेटून. स्पर्धक शेजारी असणं तोट्याचं वाटतं. पण तालुक्याचा गिऱ्हाईक एका फेरीत दहा दुकानं पाहतो म्हणूनच इतवारीत येतो. कोणाचा चेक परत गेला हे संध्याकाळच्या चहापर्यंत सगळ्या ओळीला माहीत असतं. त्यामुळे बुडव्याला दुसऱ्या दुकानातही उधार मिळत नाही. एमआयडीसीत शेड लांब लांब, शेजारच्याचा गिऱ्हाईक कोण ते माहीत नाही, आणि तीच कंपनी चार जणांना चार वेगवेगळी कारणं सांगून थांबवते. उद्योजकांच्या संघटना आहेत, विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन १९६३ पासून आहे, नाग विदर्भ चेंबर तर स्वातंत्र्याच्याही आधीपासून. पण आठ माणसांच्या शेडवाल्याला सभेला जायला दुपार मोकळी नसते.

विजेबद्दल थोडक्यात. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख आपल्या गच्चीवर आणि वीज सगळ्या राज्याला, दर मात्र सगळीकडे सारखा. छत्तीसगड शेजारीच, आणि तिथली वीज उद्योगाला स्वस्त पडते हे रडगाणं इथल्या संघटना कधीपासून गातात. म्हणून २०१६ पासून विदर्भ-मराठवाड्याच्या उद्योगांना सवलत सुरू झाली. पण भाऊंच्या तीस हजारांत महिन्याला दोन-तीन हजारांची सवलत मिळाली तर ती किती? वरचं १६ हजारांचं व्याज आठवा. ज्याची भट्टी आहे, ज्याचं स्टील वितळतं, त्याला वीज जीवनमरणाची आहे. आठ माणसांच्या शेडला तारीख.

मोठ्या कारखान्यांचंही तसंच. हिंगण्यात महिंद्राच्या ट्रॅक्टर कारखान्याभोवती सुटे भाग बनवणारे वाढले, हे डोळ्यांसमोर आहे. म्हणून विमानतळाजवळच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात विमानाचं काम आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं आता चांदी. पण विमानाचा भाग बनवायचा तर वेगळं प्रमाणपत्र, प्रत्येक तुकड्याची नोंद, तपासणीची यंत्रं. कारखाना शेजारी येतो, ऑर्डर आपोआप येत नाही. मधली पायरी चढायला दोन-तीन वर्षं पैसे घालावे लागतात, आणि पैसे कुठे आहेत ते वर सांगितलंच.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेचा पाऊस नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली, सीताबर्डीकडच्या तळघरांत माल बुडाला. त्या आठवड्यात कळलं की विमा कोणी काढला होता. बँकेचं कर्ज असलेल्यांनी, कारण बँक काढायलाच लावते. उरलेल्यांपैकी अनेकांना हेही माहीत नव्हतं की पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी २०२१ पासून भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची ठरावीक पॉलिसी आहे आणि पूर तिच्यात धरलेला आहे. एक रात्र दहा वर्षांची बचत घेऊन गेली.

मग उपयोग कशाचा होतो?

प्रशिक्षणाचा होतो का? जगभर यावर बरेच प्रयोग झाले आहेत आणि त्यांचे निकाल मजेशीर आहेत. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये छोट्या दुकानदारांचे दोन गट केले. एकाला रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं. दुसऱ्याला साधे ठोकताळे दिले. त्यातला एक असा की घरचा पैसा एका खणात, धंद्याचा दुसऱ्या खणात, आणि घरासाठी घेतलात तर चिठ्ठी टाका. हिशेबशास्त्रवाल्यांमध्ये फारसा फरक पडला नाही, खणवाल्यांमध्ये पडला. माझ्या पोटावर पाय देणारा निकाल आहे, पण खरा आहे. भाऊंच्या पिशवीत पत्र्याच्या बिलाशेजारी किराण्याचं बिल आणि गणपतीची वर्गणी असते, तोवर सात लाख शोधणं अवघडच.

आफ्रिकेत टोगोमध्ये दीड हजार छोट्या व्यावसायिकांवर असाच प्रयोग झाला. नेहमीच्या व्यवसाय प्रशिक्षणाने नफ्यात खात्रीने सांगता येईल असा फरक दिसला नाही. पण स्वतःहून पुढाकार घ्यायला, नवीन गिऱ्हाईक शोधायला, अडचण आली तर दुसरा रस्ता काढायला शिकवलेल्या गटाचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. मुंबईजवळच्या कापड कारखान्यांत (ते लहान नव्हते) सल्लागारांनी साध्या गोष्टी लावून दिल्या. सूत कुठल्या फडताळात किती आहे याची नोंद, मशीनची वेळेवर देखभाल, खराब माल का झाला याची रोजची वही. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. मालकांना आधी हे का सुचलं नाही? त्यांना वाटायचं, आपल्याकडे हे आहेच.

कर्जाच्या हप्त्याचा आकारही महत्त्वाचा. नागपुरात कूलर बनवणारे शेकडो कारागीर आहेत. पत्रा, मोटर, पंप, ताट्या, सगळं डिसेंबर-जानेवारीत घ्यावं लागतं आणि विक्री मार्चनंतर. एप्रिलमध्ये गारपीट झाली की पारा उतरतो आणि कूलर दुकानात उभे. अशा माणसाला मिळणाऱ्या कर्जाचा हप्ता मात्र पुढच्याच महिन्यात सुरू होतो, काही ठिकाणी तर आठवड्यात. कोलकात्यात एका प्रयोगात काही कर्जदारांना पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी द्यायला सांगितलं. नवीन धंदे जास्त सुरू झाले, पुढच्या वर्षांत त्यांचा नफाही जास्त राहिला. हप्ते बुडण्याचं प्रमाणही वाढलं, हे सांगायला हवं. म्हणूनच बँका ते करत नाहीत. पण हंगामी धंद्याला पगारदारासारखा हप्ता लावणं म्हणजे संत्र्याच्या झाडाला दर महिन्याला फळ मागणं.

बायकांच्या बचत गटाच्या कर्जाकडे पाहतानाही असंच डोळे उघडणारं एक काम आठवतं. श्रीलंकेत छोट्या धंद्यांना थोडं भांडवल फुकट देऊन पाहिलं. सरासरी परतावा महिन्याला पाच टक्क्यांच्या आसपास निघाला, कुठल्याही बँकेच्या व्याजाहून कितीतरी जास्त. पण बायकांच्या धंद्यांत जवळपास काहीच नाही. लगेच निष्कर्ष काढू नका. नंतरच्या संशोधनात दिसलं की अनेक घरांत बाईला मिळालेला पैसा नवऱ्याच्या धंद्यात जातो. मसाल्याच्या गिरणीसाठी घेतलेलं कर्ज ऑटोच्या टायरमध्ये गेलेलं मीही पाहिलं आहे. हप्ता भरायला मात्र बाईच बैठकीत बसते.

भाऊंकडे परत येतो. गेल्या दिवाळीनंतर त्या कंपनीने खरोखरच दुप्पट माल मागितला. पेढ्यांचा डबा घेऊन ते आले, आणि आम्ही त्याच टेबलावर ४३ लाखांचा हिशेब मांडला. डबा तसाच बंद राहिला. मग त्यांनीच विचारलं, "पत्रा त्यायचा अन् मजुरी आपली, असं केलं तर?" म्हणजे जॉबवर्क. साडेतीन लाखांचा पत्रा कंपनीने पाठवायचा, भाऊंनी फक्त कामाचे अडीच लाख लावायचे. खर्च १ लाख ९० हजार, नफा तोच ६० हजार. चार महिने पैसे आले नाहीत तरी अडकतात ७ लाख ६० हजार. दुप्पट काम घेतलं तरी १५ लाख २० हजार, आजच्या २१ लाख ६० हजारांपेक्षा कमीच. कंपनी एकदम कबूल झाली, त्यांना पत्रा घाऊक भावात स्वस्त पडतो. पत्र्याची तारीख आता त्यांची डोकेदुखी.

एप्रिलमध्ये बँकेतून भाऊंना फोन आला. यंदाची अंदाजे उलाढाल ७२ लाखांवरून ६० लाखांवर आलेली दिसते, धंदा कमी झाला का, लिमिट १२ लाख करावं लागेल. भाऊंनी फोन माझ्याकडे दिला. दोन्ही वर्षांचा नफा शेजारी शेजारी लिहून मी शाखेत पाठवला आहे. यंदाचा अंदाज १४ लाख ४० हजार. पिशवी अजून तीच आहे, पण किराण्याचं बिल आता त्यात येत नाही.